लवंगी मिरचीचा काढा

अठ्ठावन्न सालच्या पौषात गुणाजीच्या गोठ्यातलं रेडकू सकाळी दहिसर नदीत घसरलं. काशीरामने, म्हणजे गुणाजीच्या मुलाने, ओढून काढलं तेव्हा ते लटलटा कापत होतं. गुणाजीने तडक लवंगी मिरच्या वाटायला घेतल्या. म्हाताऱ्याने गिरणी सोडून म्हशी पाळल्या खऱ्या, पण औषधं सगळी गावची. जनावर गारठलं की गुळात मिरचीचा काढा घालून पाजायचा. मिरची गरम, म्हणून जनावर गरम. झालं!

काढ्याची वाटी घेऊन तो आला, तर सून जानकी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"मामंजी, हे पाजायचं नाही."

"बाजूक हो गे. माझो बापूस असाच करी."

"करत असतील. गेल्या थंडीत आपणही केलं. काय झालं?"

काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाही असंच एक रेडकू गारठलं होतं. काढा पोटात गेला आणि त्या रेडकाचे कान तापले, कापणं थांबलं. "इली ऊब!" म्हणून गुणाजी खूश. जानकी मात्र नेहमीसारखं दुधात बुडवलेलं बोट चोखायला द्यायला गेली, तर तोंड आतून गारढोण. रोज ज्या तोंडात बोट घालायचं, त्याची ऊब तिला कळणार नाही तर कुणाला? कान गरम होत होते आणि रेडकू आतून निवत होतं. संध्याकाळच्या आत ते गेलंच. महिनाभर तिला धड जेवण गेलं नव्हतं.

"कान तापलेले बघता, आतलं बघत नाही," जानकी म्हणाली. "अंगातली ऊब कातडीवाटे बाहेर चालली होती. मिरचीने ती वाढली नाही, मामंजी, उडून गेली. आणि ते कापत होतं तेवढीच त्याची शेगडी होती, तीही विझवलीत!"

"तू मोठी डॉक्टरीण!" गुणाजी कडाडला. "ह्या रेडकू मेला तर तुका माहेराक धाडीन. सांगून ठेवतंय!"

काशीराम उगाचच दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. नेहमीचंच.

"धाडा," जानकी म्हणाली. "पण तोवर गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

तिने वाटी हिसकावली आणि काढा उकिरड्यावर ओतला. सासऱ्याच्या हातातून! तिने गोणपाटाने रेडकाला खसाखसा पुसलं, स्वतःची गोधडी गुंडाळली, चुलीवर तापवलेल्या विटा फडक्यात बांधून पोटाशी लावल्या. ते कापत होतं तर कापू दिलं. तोंडाने ती रेडकाला शिव्या घालत होती, "ऊठ रे मेल्या, माझी लाज जाईल!"

उन्हं चढल्यावर कापणं हळूहळू कमी झालं. जानकीने तोंडात बोट घातलं. आत ऊब होती. रेडकाने बोट घट्ट धरून चोखलं, मग धडपडत चारी पाय टेकून उभं राहिलं आणि आईला हाक मारली.

गुणाजी दारातून बघत होता. खाकरला. "जातीचा दांडगा. औषधाशिवाय उठलाच असता."

"बरं झालं, तुम्हीच म्हणालात," जानकी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "मग मी कशाला माहेरी जाऊ? आणि पुढच्या वेळी माझ्या रेडकाच्या तोंडाशी मिरची नेलीत ना, मामंजी, तर ती तुम्हालाच पाजीन."