गोटूची करंगळी

गोटूला झोप लागायची ती आजीच्या डाव्या करंगळीवर. पाळणा हलवा, गाणं म्हणा, डोळा म्हणून मिटायचा नाही. करंगळी तोंडात गेली की पापण्या मिटल्याच. तेवढ्यावरच सूनबाईला दुपारची उसंत मिळायची.

आज मात्र करंगळी जवळ येताच गोटूने मान फिरवली आणि भोकाड पसरलं. सूनबाईने वाकून हुंगलं. दालचिनी.

"आई, हाताला काय लावलंत?"

"कुठे काय." सासूबाईंनी हात उशीखाली सरकवला.

त्या शिंप्याकडचे कपडे घरी आणून त्यांची काजं करायच्या. गारठा पडला की बोटं आखडायची, सुई धरवायची नाही. लेकीने बोटाएवढी दालचिनीच्या तेलाची बाटली दिली होती, साध्या तेलात थेंबभर घालायला. सासूबाईंनी ते तसंच, नुसतं चोळलं.

"थेंबाने काय होणार? जळजळलं म्हणजे लागू पडलं."

बोटं लालबुंद झाली होती. नळाखाली धरली तर जास्तच चुरचुरली. सूनबाईने आधी गोटूचे ओठ पाहिले. लागलं नव्हतं. मग खोबरेलात भिजवलेल्या कापडाने सासूबाईंची बोटं पुसली, नंतर साबण लावला.

"तेलाने तेल जातं?" सासूबाई कळ विसरून बघत बसल्या.

लाली उतरल्यावर सूनबाई औषधांच्या दुकानात गेली. दुकानदारबाई म्हणाल्या, दालचिनी भलती तिखट, कातडीला नकोच, आल्याचं घ्या. दोन चमचे खोबरेलात एकच थेंब. आधी कोपराच्या आत लावून उद्यापर्यंत थांबा. आणि बाळाच्या खोलीत बाटली उघडूसुद्धा नका.

"एका थेंबासाठी उद्यापर्यंत?" सासूबाई म्हणाल्या. "माझं लग्न याहून लवकर ठरलं."

पण थेंब लावल्यापासून दिवसभर सासूबाईच बाही वर करकरून कोपर न्याहाळत होत्या. दुसऱ्या दिवशीही कोपर जसंच्या तसं.

आता प्रश्न करंगळीचा. "डावा हात गोटूचा," सूनबाई म्हणाली. "त्याला तेल नाही. उजवा मी चोळते."

स्वयंपाकघरात, खिडकी उघडी टाकून, ती एकेक बोट चोळत राहिली. इतक्या दिवसांत हा हात तिने असा कधी हातात घेतलाच नव्हता. सुईच्या मागच्या टोकाने अंगठ्याला खळी पडली होती.

"ऊब येतेय?"

"येतेय खरी. आता ती आल्याची की तुझ्या चोळण्याची, कोण जाणे."

चार काजं झाली. गोटू कुरकुरू लागला. दोघींनी साबणाने हात धुतले. सासूबाईंनी डावी करंगळी हुंगली, पुन्हा हुंगली, आणि सुनेपुढे धरली.

"आधी तू चाख."

"मी?"

"मग काय, त्याला विचारू?"

सूनबाईने सासूची करंगळी तोंडात धरली. "साबण लागतोय."

सासूबाई पुन्हा नळाशी गेल्या. परत आल्या तेव्हा गोटूने बोटाकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. दोघी श्वास रोखून उभ्या. मग त्याने तोंड उघडलं आणि करंगळी आत ओढली.