सोमवारचा उपास

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची कारणं ऐकली. एका पोराची आजी माझ्याच हजेरीपटावर चार वेळा वारली. त्यामुळे कारण खरं की बनवलेलं, हे मला समोरच्यानं तोंड उघडताच कळतं. शेजारच्या अंजूताईंचं कारण तर दहा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी कळलं होतं.

निवृत्त झाल्यावर केळझरकडची शाळा सुटली आणि मी पिपरी मेघेत घर बांधून सासूबाईंना घेऊन राहायला आले, तो महिना वैशाखाचा होता. पौर्णिमेला आमच्याकडे बुद्धजयंतीची खीर असते. डबाभर खीर घेऊन मी शेजारच्या फाटकाशी गेले. अंजूताई हसत बाहेर आल्या, पदराला हात पुसले, डब्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या पेंडलमधल्या बुद्धाकडे पाहिलं.

"अवं माय मॅडम, आज सोमवार नाई का! माहा उपास राह्यते."

मी डबा परत आणला आणि ती खीर ओट्याशी उभी राहूनच संपवली. गोड लागली नाही.

पुढे आमचं चांगलंच जमलं, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा या बाईनं आठ दिवस दोन्ही वेळचा डबा पाठवला. मुगाची खिचडी, पिठलं, मऊ पोळ्या. मी चाटूनपुसून खाल्लं. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून मी त्यात साखर घातली, कधी लिंबं, कधी तुरीची डाळ. ते सगळं त्यांनी आनंदानं घेतलं. एकदा अळूच्या वड्या घातल्या, तर त्या दिवशी गुरुवार निघाला. दिवाळीचा फराळ नेला तर चतुर्थी. वारात आणि तिथीत काहीच सापडलं नाही की पोट बिघडायचं. कच्चं चालत होतं, शिजवलेलं नाही. एवढं गणित मास्तरणीला जमतं.

मला राग यायचा. मग भिंतीपलीकडून त्यांची हाक यायची, "मॅडम, गुडघा कसा हाय?" आणि राग जागच्या जागी बसायचा. माया करणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही.

यंदा एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलं की घर विकलं, मुलाकडे पुण्याला चाललो, पंधरा मेला सामान जाणार. त्या रात्री मी ठरवलं. ही बाई माझ्या हातचं जेवल्याशिवाय पिपरी सोडणार नाही. माफी नको होती, भाषण द्यायचं नव्हतं. माझ्या घरचं एक ताट तिनं रिकामं केलेलं मला पाहायचं होतं, बस. कॅलेंडर काढलं. वैशाख पौर्णिमा बारा मेला, सोमवारी.

म्हटलं, छान. उपासच ना? मग उपासाचंच करू.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीशी उभी राहून शिकायला लागले. "अंजूताई, तुमच्याकडे उपासाले कोथिंबीर चालते का?" नाही चालत. जिरं चालते, हळद नाही. मीठ सैंधव. तेल शेंगदाण्याचं. त्या उत्साहानं सांगत राहिल्या आणि मी कागदावर उतरवत राहिले. कशासाठी विचारते, हे त्यांनी विचारलं नाही. मी नवं पातेलं आणलं, नवी कढई आणली, साबुदाणा, भगर, राजगिरा आणला.

पिशवी पाहून सासूबाई भडकल्या. तानाबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. सतराव्या वर्षी, नवी सून असताना, छप्पन साली त्या नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या. परत आल्यावर देव्हारा रिकामा केला आणि त्याबरोबर उपासतापासही. दर पौर्णिमेला मात्र त्या पांढरं लुगडं नेसतात, अष्टशील पाळतात आणि बारा वाजायच्या आत एकदाच जेवतात. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त पाणी.

"सिद्धार्थानं उपास सोडला, सुजाताची खीर खाल्ली, म्हून आपण खीर करतो," त्या म्हणाल्या. "अन् त्याच दिवशी तू या घरात उपास शिजवतं?"

"आत्याबाई, ती जेवली पाहिजे."

"काऊन? तिच्या जेवल्यानं तुले काय मिळते?"

मग त्यांनी लहानपणीची गोष्ट काढली, जी त्या फार क्वचित काढतात. मालगुजाराच्या घरच्या लग्नात त्यांच्या वस्तीला गोठ्यामागे बसवत. ताट घरूनच न्यायचं. "जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट घासाचं. ते बी विहिरीपासून दूर. मी सात वर्षांची होती, राखेनं घासत होती." एवढं बोलून त्यांनी साबुदाण्याची पिशवी माझ्याकडे सरकवली. "कर. तुह्या मनासारखं कर. पण माह्या ताटात खीर तांदळाचीच पाहिजे."

शनिवारी मी अंजूताईंना सांगितलं, "सोमवारी अकरा वाजता या. जाच्या आधी एकदा."

"मॅडम, सोमवार…"

"माहीत हाय. सगळं उपासाचं हाय. नवी भांडी, सैंधव मीठ, कोथिंबीर नाई."

त्यांचा चेहरा उतरला. पळायला वाट उरली नव्हती. पाठांतर न केलेल्या पोराला फळ्याशी बोलावलं की तो असाच दिसतो. "येतो," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी पहाटेपासून राबले. साबुदाण्याची उसळ मोकळी झाली, भगर झाली, दाण्याची आमटी झाली, राजगिऱ्याच्या पुऱ्या झाल्या. दुसऱ्या शेगडीवर आमचं वरण-भात, वांग्याची भाजी आणि तांदळाची खीर. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. सासूबाई पांढरं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या, पण ताटाला हात लावेनात.

"जेवून घ्या आत्याबाई, बारा होतील."

"पाहुणी येऊ दे."

साडेअकरा. आता माझं डोकं फिरलं. मी भिंतीशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली. "अंजूताई! आत्याबाई तुमच्यासाठी थांबल्या हायेत. बारा वाजले की त्याहिले उद्या सकाळपर्यंत जेवता येत नाई. तुम्ही आल्या नाई तर म्हातारी उपाशी राहीन!"

दार उघडलं. अंजूताई चपला न घालताच आल्या.

मी त्यांना सासूबाईंच्या शेजारी पाटावर बसवलं, ताट पुढे ठेवलं. त्यांनी उसळीकडे पाहिलं, पुऱ्यांकडे पाहिलं, नव्या वाटीतल्या आमटीकडे पाहिलं. घास घेतला नाही.

"मॅडम," त्या खाली बघत म्हणाल्या, "मी सोमवार करतच नव्हती."

"कधी?"

"तुम्ही खीर घेऊन आलत्या तवा. तोंडातून निघून गेलं. मंग तुम्ही ध्यानात ठेवलं. दर सोमवारी भिंतीवरून विचारत होत्या, 'आज उपास ना?' मंग कराच लागला. दहा वर्षं झाले."

"अन् गुरुवार?"

"गुरुवार बी."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रागही आला. दहा वर्षं ही बाई आठवड्यातले दोन दिवस उपाशी राहिली, पण माझ्या हातचा घास तिला नको होता!

"काऊन वं पोरी?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"लहानपणापासून तसंच शिकवलं होतं. मंग सासूचं भेव होतं. सासू गेली, मंग लाज वाटत होती. इतके दिवस नाई म्हटलं, आता हो कोण्या तोंडानं म्हणू?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला त्यांची कीव आली नाही. पण त्या खरं बोलल्या, हे मला बरं वाटलं.

"गुलाब, पावणेबारा झाले," सासूबाई मला म्हणाल्या.

अंजूताईंनी दोन्ही हातांनी ताट बाजूला सरकवलं. "हे नको मॅडम. तुमच्या घरचं द्या."

मी दुसरं ताट वाढलं. वरण-भात, वांग्याची भाजी, वाटीभर खीर. त्यांनी आधी खीर घेतली. मग वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मी पंखा लावायचा सोडून समोर उभी राहिले आणि ते ताट रिकामं होताना शेवटच्या शितापर्यंत पाहिलं. सासूबाईंनी बाजूला सरकवलेलं उपासाचं ताट आपल्याकडे ओढलं. "मेहनतीचं हाय, फुकट काऊन घालवाचं?" एकोणसत्तर वर्षांनी त्यांनी उपासाचा घास तोंडात घातला, चावला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

बाराला पाच मिनिटं कमी असताना जेवणं आटोपली. अंजूताई उठल्या, आपलं ताट उचललं आणि मोरीकडे निघाल्या. घासणीला हात घालणार एवढ्यात सासूबाई भिंत धरत उठल्या आणि त्यांनी अंजूताईंचं मनगट धरलं.

"ठेव ते खाली," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी जेवलेल्या माणसाले ताट घासाले लावत नाई."