घराचा रकाना

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत परीक्षा पास झाले नाही, तर पुण्याच्या कंपनीतलं माझं काम बंद होणार होतं. नव्या औषधांची माणसांवर चाचणी होते, तिची आकडेमोड ही कंपनी करते. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची पदवी चार वर्षं पेटीत पडली होती. ती काढून, वाशीमजवळच्या अनसिंगमधल्या घरात बसून करता येईल असं हे एकच काम मला मिळालं होतं. त्यासाठी सहा आठवड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण. शेवटी एक प्रश्न, उत्तराच्या चौकोनात फक्त एक आकडा, आणि दोन संधी.

प्रशिक्षण मिक्स्ड मॉडेलचं. वैजयंती मॅडम रोज दुपारी दोनला, नेमकी माझी साक्षी झोपायच्या वेळेला, पुण्याहून शिकवायच्या. एकाच मुलाचं रक्त पाच वेळा तपासलं तर ते पाच आकडे पाच परक्या मुलांचे नसतात, एकमेकांना धरून असतात. कोणाची सुरुवात नऊवर, कोणाची अकरावर; कोणी झरझर चढतं, कोणी रेंगाळतं. मुलामुलातला हा फरक मॉडेलमध्ये धरायचा आणि मग औषधानं काय केलं ते बघायचं. कॉलेजात हे डोक्यावरून गेलं होतं. पण दर महिन्याला पोरीचं वजन वहीत लिहिणाऱ्या बाईला ते समजतं.

सरावाला एका जुन्या चाचणीची माहिती दिली होती. दोनशे चाळीस लहान मुलं. अर्ध्यांना लोहाचं सिरप, अर्ध्यांना तसंच दिसणारं, तसंच गोड, पण बिनऔषधाचं. कोणाला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. घरच्यांना बाटलीवर फक्त मुलाचा नंबर दिसायचा. परीक्षेचा प्रश्नही याच माहितीवर होता: औषधानं हिमोग्लोबिन किती वाढवलं? तक्त्यात एक रकाना घराच्या नंबरचाही होता. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो काढून टाकायला लावला. मुलाचा नंबर आहे तेवढा पुरे, जास्त रकाने घेतले की नवे लोक गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. मी काढला.

परीक्षेच्या आठवड्यात मंगळवारी साक्षीची बाटली संपली. साक्षी दोन वर्षांची, हिमोग्लोबिन साडेनऊ. वाशीमच्या डॉक्टरांनी महिनाभराचं लोहाचं सिरप दिलं होतं आणि मी लेबलावर पेनानं तीस रेघा मारून ठेवल्या होत्या, रोजची एक. सोळाव्या दिवशी बाटलीचा तळ दिसत होता. आधी वाटलं सांडली. मग वाटलं, साक्षीला रोज दुप्पट गेलं की काय.

सासूबाई, लिलाबाई, गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की प्रज्ञाले बी देतो ना मी रोज. प्रज्ञा मोठ्या जाऊबाईंची, चार वर्षांची. तिचं रक्त बारा. तिला औषधाची काही गरज नाही. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं का तिला द्यायला?

"तोंडाकडं पायत बसते लेकरू. एकीले चमचा देऊ अन् दुसरीले काय, टाळ्या वाजव म्हणू? आपल्या घरात असं होत नाई पौर्णिमा. कुलूप लाव पायजे तं बाटलीले."

"अन् किल्ली गळ्यात बांध," स्वयंपाकघरातून जाऊबाई म्हणाल्या.

मी भांडणारच होते. पण मध्येच तो काढून टाकलेला रकाना आठवला, आणि मी लॅपटॉप उघडला.

रकाना परत आणला. सत्तर घरं अशी निघाली, जिथली दोन मुलं चाचणीत होती आणि एकाला औषधाची बाटली, दुसऱ्याला साधी मिळाली होती. म्हणजे एकशे चाळीस मुलं. आलेख काढले. साधं सिरप मिळालेलं मूलही घरातल्या दुसऱ्या मुलाबरोबर चढत होतं. दोघांत फरक शून्याला टेकलेला. उरलेली शंभर मुलं आपापल्या घरात एकेकटी. त्यांच्यात औषधवाल्यांचं हिमोग्लोबिन ०.८ नं जास्त वाढलं होतं. सगळ्यांना एकत्र घेतलं की हेच ०.८ उतरून ०.३ व्हायचं. कोणी कोणाला चमचा दिला, हे तक्त्यात नव्हतं. पण त्या सत्तर घरांत एकेक लिलाबाई असणार याबद्दल मला शंका उरली नाही. घराचा रकाना मॉडेलमध्येही घालून पाहिला. एका घरातल्या मुलांचं सारखेपण त्यात धरलं गेलं, पण पोटात जाऊन एक झालेली दोन सिरपं कोणत्याच मॉडेलनं वेगळी होईनात.

गुरुवारी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये साक्षी रडली तेव्हा थांबल्यासुद्धा.

"निरीक्षण चांगलं आहे. पण औषध घरी कसं दिलं जातं, ते बघणारी माणसं वेगळी असतात. आपण हातात आलेल्या आकड्यांवर मॉडेल चालवतो."

"पण मॅडम, दुसऱ्या मुलाला देऊ नका, असं त्या घरांना कोणी सांगितलं होतं का?"

"बाटलीवर नंबर होता ना, पौर्णिमा."

शुक्रवारी दुपारी मी ०.८ लिहिलं. चौकोन लाल झाला. उत्तर चूक, एक संधी शिल्लक. का लिहिलं, ते सांगायला जागाच नव्हती. अश्वजितला, माझ्या नवऱ्याला, फोन केला तर तो म्हणाला, मॅडमले पायजे ते लिहून टाक, बाकीचं नोकरी पक्की झाल्यावर सुधारजो. त्याचं बरोबर होतं, म्हणून आणखी राग आला.

तो सगळा राग मी लिलाबाईंवर काढला. औषध वाटणारे हात असे असतात म्हणून दोनशे चाळीस मुलांची मेहनत वाया जाते, असं काहीबाही बोलले आणि मग सगळी चाचणी समजावून सांगितली. त्यांनी गव्हाचं ताट खाली ठेवलं.

"मंग एका घरात दोन तऱ्हेच्या बाटल्या देल्याच काहून? या घराले हे द्या, त्या घराले ते द्या. घरातल्या घरात वाटलं तं काय बिघडते मंग?" आणि ताट पुन्हा मांडीवर ओढून, "माह्यामुळं वाया गेली म्हणतं. मले कोनं इचारलं होतं?"

सहा आठवड्यांत हे एकदाही कोणी बोललं नव्हतं. मीही नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी घराचा रकाना पुन्हा काढला, मॉडेल चालवलं आणि ०.३ लिहिलं. चौकोन हिरवा झाला. प्रशिक्षणाच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ आले. मी त्यातल्या एकालाही धन्यवाद म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी मॅडमना दोन पानांची मेल लिहिली. सत्तर घरांचे आलेख जोडले. औषध मुलागणिक न वाटता घरागणिक वाटावं, आणि ही सूचना माझी नाही, लिलाबाईंची आहे, असंही लिहिलं.

सोमवारी उत्तर आलं. अभिनंदन, निरीक्षण उत्तम आहे, पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून नक्की दाखवू. परीक्षेचं उत्तर मात्र ०.३च ठेवतोय, नाहीतर तपासायला अवघड जातं.

मी उलट लिहिलं, की पुढच्या बॅचमध्ये कोणी ०.८ लिहिलं, तर त्याला नापास करण्याआधी माझा फोन नंबर द्या. दोनदा वाचलं. नोकरी पक्की होऊन तीनच दिवस झाले होते. तरी पाठवलं.

त्याला अजून उत्तर आलेलं नाही.