केळीचा कौल आणि फणसाचा चीक

"उजवो पडलो! उजवो पडलो रे!"

मये गावात त्या सकाळी असा गलका उठला, की तळ्यावर फिरायला आलेले पर्यटकसुद्धा गाड्या थांबवून बघायला लागले. आंब्याखाली एक टेम्पो उभा होता. त्यात केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी लावणीची पिल्लं, खचाखच भरलेली. टेम्पोपुढे पाटावर मूळनाथ बुवा बसलेले. भगवी शाल, कपाळभर चंदन, आणि परातीत एक काळा पाषाण. बुवा मुनवा पाषाणाला टेकवायचे, पिटकोळीच्या फुलाच्या दोन कळ्या तीर्थात बुडवून पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचे आणि डोळे मिटायचे. मग त्रिशूळ दाणकन जमिनीवर! उजवी कळी पडली की मुनवा निरोगी, डावी पडली की दोषी.

देवळात कौल लावायची रीत गोव्यात कोणाला शिकवायला नको. सोयरीक असो नाहीतर जमिनीचा तंटा, माणसं देवाला विचारून मोकळी होतात. पण केळीला रोग आहे की नाही तेही कळीला विचारायचं, हे डोकं मात्र बुवांचं.

"सरकारी माणसं सांगतात, मातृवृक्ष तपासा, पान प्रयोगशाळेत पाठवा, दाखला घ्या!" बुवा हात नाचवत म्हणाले. "अरे बाळांनो, कागद पावसात भिजतो. पाषाणाचा कौल भिजतो का? इथे दाखला थेट वरून येतो, आणि लगेच येतो!"

लगेच म्हटल्यावर गर्दी खूश. आणि गंमत बघा, टेम्पोतल्या प्रत्येक मुनव्याला उजवा कौल, गावकऱ्यांनी घरून आणलेल्या प्रत्येकाला डावा! देवाचं टेम्पोवाल्याशी आधीच काही बोलणं झालं असावं.

डिचोलीच्या कृषी कार्यालयातली तनया तिथेच घसा कोरडा करत होती. "काका, पर्णगुच्छ रोग मुनव्याच्या आत असतो. वरून तो हिरवागार दिसतो. एकदा शिरला की औषध नाही, झाड मारावंच लागतं. हे मुनवे कुठल्या झाडाचे आहेत ते तरी विचारा!"

"बाय, तू शिकलेली, बरोबर," रांगेतला बाबली म्हणाला, "पण देवापेक्षा शिकलेली?" सगळे हसले. बाबलीनं टेम्पोतून विकत घेतलेल्या मुनव्यांची मोळी खांद्यावर टाकली आणि तो कुळागराकडे, म्हणजे आपल्या पोफळी-केळींच्या बागेकडे निघाला.

बाबलीच्या कुळागराला लागूनच सुमंगलाचं कुळागर. तीही आपल्या रसबाळी जातीच्या केळीचा मुनवा घेऊन रांगेत होती. नवऱ्यानं, गुरुदासनं, हट्टच धरला होता ना! ही रसबाळी सुमंगलाच्या जिवाची. लग्न होऊन चोपड्याहून मयेला आली तेव्हा सामानात ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं हिचा मुनवा आणला होता. शापोरा नदीकाठच्या माहेराची तेवढीच एक जिवंत वस्तू तिच्या परसात होती. आता तिचं मोठं बेट झालं होतं, आणि गणेशचवथीला अर्ध्या वाड्याच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीला, तिचेच घड लागायचे.

त्रिशूळ आपटला. डावी कळी पडली.

"माहेरची केळ ना ही?" बुवांनी डोळे मोठे केले. "दोष तिथून आलाय. अमावास्येच्या आत बेट मुळासकट काढ, नाहीतर धन्यावर येईल!"

धनी पांढराफटक. केळ माहेरची आहे हे बुवांना कसं कळलं म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली. सकाळपासून गुरुदासच ते टेम्पोच्या ड्रायव्हरला सांगत बसला होता, हे कोणाच्या ध्यानात राहतंय!

घरी येताच त्यानं कुदळ काढली. "काडून उडवया गो. इडापीडा नाका."

"हात लावून बघा," सुमंगला बेटापुढे उभी राहिली. "आधी माझ्यावर कुदळ घाला."

भांडणात त्या दिवशीचं जेवण राहिलं. दुपारी ती मुद्दाम आंब्याखाली गेली. गर्दी पांगली होती. टेम्पोच्या आडोशाला बुवा करवंटीतलं खोबरेल घेऊन अंगठा चोळत होते, चांगला घासून घासून. सुमंगला तिथेच थबकली. मे महिना होता. दिवसाआड फणस फोडणारी बाई ती. पाण्यानं न जाणारी आणि तेलानंच सुटणारी वस्तू कोणती, हे तिला कोणी सांगायला हवं होतं का?

दुसऱ्या दिवशी तोच मुनवा आणि खोबरेलाची बाटली घेऊन ती पुढे झाली. तनयाला तिनं मुद्दाम शेजारी उभं केलं.

"बुवा, परत एकदा कौल लावा. पण आधी हात धुवा. तेलानं."

"मूर्ख बाई! तीर्थाच्या हाताला तेल?"

"बरं, मग तसाच लावा."

बुवांनी कळ्या लावल्या. चंदनाच्या वाटीत अंगठा बुडवला आणि उजवी कळी जरा जोरानं दाबली. त्रिशूळ आपटला. डावी पडली, उजवी तशीच. बुवा तोंड उघडणार, इतक्यात सुमंगलानं उजव्या कळीवर तेल ओतलं आणि ती बोटानं ओढली. कळी सुटली, पण पाषाणापासून बोटापर्यंत पांढरी चिकट तार लांबत आली.

बाबलीनं ती चिमटीत धरली, हुंगली. "आयशप्पथ! ह्यो फणसाचो चीक!"

"चंदनात कालवलाय," सुमंगला म्हणाली. "जी कळी राहायला हवी तिला चीक, जी पडायला हवी तिला नुसतं पाणी. त्रिशूळ आपटला की पाण्याची पडते. ह्यात देव कुठे आहे, दाखवा मला!"

गर्दीत एकदम आरडाओरडा. दोघांनी बुवांची शाल ओढली. तनया मधे पडली. "मारू नका! पोलिसांना बोलवा, तक्रार द्या. मुनवे जप्त करूया. आणि लावलेले सगळे आजच उपटा."

इथे मात्र सगळ्यांनी पाय मागे घेतले. "गावाची अब्रू जातली गो," बाबली म्हणाला. "पेपरात येतलां, मयेकारांक चिकान फसयलो. जाऊ दी ताका." आणि मुनव्यांचं काय? "बुवा लबाड, पण झाडान काय केलां? हिरवीगार आसत ती."

टेम्पो गेला. गुरुदासनं मुकाट्यानं कुदळ जागेवर ठेवली. बेट वाचलं म्हणून सुमंगला त्या दिवशी मनापासून जेवली.

पावसाळ्यात बाबलीच्या नव्या केळींची पानं अरुंद, ताठ, शेंड्याला गुच्छ होऊन यायला लागली. तनया दोनदा येऊन हात जोडून गेली. "घड येऊ दी, मगे काडूया," बाबली म्हणाला. घड येणारच नव्हता. मावा, ती केळीवरची बारीक कीड, मात्र कुंपणाला कधीच विचारत नाही. तो रोगी केळीचा रस पितो आणि शेजारच्या निरोगी केळीवर जाऊन बसतो. चवथीला सुमंगलानं रसबाळीचा घड माटोळीला बांधला. दिवाळीच्या सुमारास तिच्या बेटाचा शेंडा गुच्छ झाला.

तनयानं पान उन्हाकडे धरून शिरांवरच्या गडद तुटक रेघा दाखवल्या. "काकी, दुसरा उपाय नाही."

सुमंगलानं एकेका बुंध्यात स्वतःच्या हातानं रॉकेल सोडलं, म्हणजे मावा इथेच मरेल. मग गड्डे खणून बारीक तुकडे केले. रडत रडत केले. गुरुदास बाजूला उभा राहून नुसताच बघत होता. कुदळ मागायचंही त्याला तोंड नव्हतं.

संध्याकाळी तिनं चोपड्याला भावाला फोन लावला. "रुद्रेश, आपल्या रसबाळीचा एक मुनवा ठेव रे. आधी पान तपासून घेऊ, मग मी येऊन नेईन."

"ती खंय उरली ताई?" रुद्रेश म्हणाला. "मे महिन्यात एक बुवा आलेला, मूळनाथ. मयेत मोठो मान जालो म्हणून सांगत होतो. आमच्या रसबाळीक डावो कौल पडलो. काढून टाकली. त्याचेच मुनवे लावलेत, पण पानां जरा गुच्छ झाल्यासारखी दिसतत."

सुमंगलानं फोन ठेवला. चीक ओळखला, गर्दीपुढे दाखवला, आणि माहेरी एक फोन केला नाही! बुवाला गावाबाहेर काढलं म्हणजे झालं, असं तिलाही वाटलं होतं.

सकाळी बाबली कुदळ घेऊन कुंपणापाशी आला. मान खाली. "वहिनी, आता काडू काय?"

"आता काढलीत म्हणून माझी परत येत नाही, भावोजी. तरी काढा. सगळ्यांना काढायला सांगा. पुढच्या वेळी कळीला विचारू नका, मातृवृक्ष तपासलाय का ते विचारा, दाखला बघा. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका, दुसऱ्या गावाला ओरडून सांगा."

एवढं बोलून तिनं पदर खोचला आणि त्याच्याबरोबर केळी उपटायला गेली.