दुसरं शील

रुपराव आमदारांची भानगड पेपरात आली, तेव्हा सक्करदऱ्याच्या त्या वस्तीत दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. तलावाकाठच्या झोपड्या हटवायच्या होत्या आणि तिथल्या चाळीस कुटुंबांना सरकारने उमरेड रोडला प्लॉट मंजूर केले होते. त्यातले सतरा आमदारसाहेबांच्या गोतावळ्यात गेले. साळा, साडू, ड्रायव्हर, झालंच तर ड्रायव्हरचा भाऊ. यातल्या एकानेही झोपडीत रात्र काढलेली नव्हती. आता बोला.

आनंदराव गजभियांनी ती बातमी दोनदा वाचली. पाच-सहाच नावं छापली होती, बाकीची नव्हती. त्यांनी पेपराची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि घरात कोणालाच दिली नाही.

आनंदराव मिलमधून रिटायर झालेले. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा खणखणीत की विहारात कधी लाउडस्पीकर लागला नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून वस्तीत लग्न असो, बारसं असो, की कोणी गेलेलं असो, पंचशील द्यायला तेच उभे राहत. पद्धत अशी, की एकाने पुढे उभं राहून शील म्हणायचं आणि सगळ्यांनी त्याच्या मागून. देणारा चुकला की सगळी वस्ती चुकते, म्हणून तो माणूस पारखून घेतलेला असतो. याच वस्तीत वाढलेल्या रुपरावकडून लहानपणी पंचशील पाठ करून घेतलं तेही आनंदरावांनीच. तो पहिल्यांदा निवडून आला, त्या दिवशी ते निळ्या गुलालाने माखून घरी आले होते. ‘आपला पोरगा आहे, हा खानार नाही,’ असं त्यांनी दारोदार सांगितलं होतं.

दुपारी बायजाबाई आली. तलावाकाठी राहणारी, भाजीची टोपली घेऊन फिरणारी विधवा बाई. चाळिसांच्या यादीत आधी तिचं नाव होतं, मग गळालं.

“भाऊ, मंगळवारी चौकशीचा साहेब येऊन राहिला म्हन्ते,” ती ओट्यावर टेकत म्हणाली. “तुमीच बोला त्याले. मी बोलली तं कोन आयकते?”

“मी काय बोलू?”

“खरं बोला. तुमच्या तोंडचं खोटं वाटत नाही कोनाले.”

आनंदरावांनी मान डोलावली. ती गेली आणि आतून सून बाहेर आली.

“मामाजी, तुमी तिले हो काहून म्हटलं?” प्रेमिलाने विचारलं.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो. त्या सतरा प्लॉटांतला एक, बायजाबाईचं नाव गाळून मोकळा झालेला, प्रेमिलाच्या नावावर होता. दोन वर्षांमागे रुपरावने फॉर्म पाठवला होता. ‘सदर बाई दहा वर्षांपासून तलावाकाठी राहतात, हे मला माहीत आहे,’ असं त्यावर टाइप केलेलं आणि खाली आनंदरावांच्या सहीला जागा. दहा वर्षांमागे प्रेमिला उमरेडला परकर-पोलक्यात शाळेत जात होती. आनंदरावांनी सही केली. आपला रुपराव पाठवतो आहे तर ते नियमातच असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. विश्वास कधीकधी असा भलताच सोयीचा असतो.

“साऱ्याईनं घेतलं,” प्रेमिला म्हणाली. “आपनच काहून सोडाचं? एका खोलीत सहा जनं झोपून राहिलो. तुमचा मुलगा तं तोंड उघडत नाही, मले बोला लागते.”

तिचंही काही खोटं नव्हतं. दोन दिवस आनंदराव रुपरावला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि लबाडी अशी की शिव्या घालताना त्यांना फार बरं वाटत होतं.

रविवारी वैशाख पौर्णिमा होती. उन्हं तापायच्या आत सकाळी सातलाच विहार भरून गेला. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आणि रुपराव आले. कुजबुज झाली, पण विहारातून कोणाला उठवायची रीत नाही. लोकांनी सरकून त्यांना पुढची जागासुद्धा करून दिली.

आनंदरावांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. दुसरं शील, न दिलेलं घेणार नाही हे, रुपरावच्या डोळ्यांत बघून एकेक शब्द तोडून म्हणायचं. बघू त्याची जीभ अडखळते की नाही. आयुष्यभर शिकवल्याची तेवढी तरी वसुली व्हावी.

त्रिशरण झालं. पहिलं शील झालं. आनंदरावांनी नजर उचलली. रुपराव हात जोडून, डोळे मिटून, शांत बसलेला. पलीकडे बायांच्या रांगेत बायजाबाई होती. ती रुपरावकडे बघतच नव्हती. ती आनंदरावांच्या तोंडाकडे बघत होती, मागून म्हणायला ओठ अर्धे उघडून.

शब्द आलाच नाही. तीस-पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळे थांबले. मागे कोणीतरी म्हणालं, “वय झालं आता बुढ्याचं.”

आणि मग पुढच्या रांगेतून रुपरावने, डोळे न उघडता, आपल्या म्हाताऱ्या गुरूला सांभाळून घ्यावं तशा मायेने, दुसरं शील म्हटलं. स्वच्छ, एका श्वासात, आनंदरावांनी शिकवलं होतं अगदी तसं. आणि सवयच ती, सगळ्या विहाराने त्याच्या मागून म्हटलं. बायजाबाईनेसुद्धा.

आनंदरावांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“थांबा गा,” ते म्हणाले. लूमवरचाच आवाज होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “मी इसरलो नाही. माह्या तोंडून निंगत नव्हतं. माह्या सुनेच्या नावचा प्लॉट बायजाबाईचा आहे. खोटी सही माही आहे. मंगळवारी साहेबाले हेच सांगतो.”

रुपरावने डोळे उघडले. “काका, हे इथं कशाले? आपन घरी बसून बोलू नं.”

“इथंच शिकवलं होतं तुले,” आनंदराव म्हणाले.

बायांच्या रांगेतून प्रेमिला उठली, लेकराला कडेवर घेतलं आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. आनंदरावांनी तिला जाताना पाहिलं. घरी आज काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळत होतं. ते मूर्तीजवळच्या ओट्यावरून खाली उतरले आणि जमिनीवर, लोकांत बसले.

पुढे उभं राहायला कोणी उठेना.

“बायजाबाई,” त्यांनी हाक मारली. “तू म्हन वं. मी तुह्या मांगून म्हनतो.”

“मले येत नाही भाऊ नीट. सदा मांगूनच म्हटलं.”

“येते तसं म्हन.”

ती बसल्या जागेवरूनच दुसरं शील म्हणाली. घाबरत, मधले दोन शब्द गिळून. आनंदरावांनी हात जोडले आणि तिच्या मागून म्हटलं, ते दोन शब्द गाळून, तिने म्हटलं होतं तसंच.