खंडेनवमीला आलेला चाकू

आश्विनाचं ऊन. पावसानं धुतलेलं, वाऱ्यानं पुसलेलं, सह्याद्रीच्या अंगणात कुणीतरी जपून पसरून ठेवलेलं सोनसळी, कोवळं, किंचित करकरीत ऊन. सोनकीची पीतवस्त्रं नेसलेले डोंगर, नीलकृष्ण कातळांवरून आटत चाललेले अखेरचे निर्झर, आणि या साऱ्या वैभवाकडे पाठ करून उभा असलेला एकटा, कृश, उद्धट सुईकडा.

कड्याच्या पायथ्याशी कातळवाडी. आणि कातळवाडीत त्या दिवशी काहीही कापलं जात नव्हतं.

खंडेनवमी होती ती. घरोघरी पाटांवर शस्त्रं बसली होती. हळदीनं पिवळी, कुंकवानं लाल, झेंडूनं झाकलेली. उद्या दसऱ्याची पूजा होईतो त्यांना हलवायचं नाही, उठवायचं नाही. खुटवडांच्या पाटावर विळी होती, कोयता होता, अडकित्ता होता, कात्री होती, दाढीचं पातं होतं. नेलकटर होतं, अत्यंत गंभीर मुद्रेनं. आणि मधोमध तात्यांचा तिकिटं टोचायचा चिमटा होता. चौतीस वर्षं एसटीच्या घाटवाटांवर लक्षावधी तिकिटांना भोकं पाडून निवृत्त झालेला, रौप्यकांती, वयोवृद्ध चिमटा.

दुपारच्या जेवणात म्हणून सबंध बटाटे होते, सबंध भेंडी होती, आणि सबंध शांतता होती.

चारच्या सुमाराला कुरियरवाला आला. सात महिने आला नव्हता. आला तो नेमका आजच.

*

खोकं वीतभर. तपकिरी. चिकटपट्टीनं अकरा वेढे गुंडाळलेलं, जणू आत चाकू नसून एखादा कैदी आहे. हेमांगी खुटवड हात धुऊन, पदराला नव्हे, ओढणीला पुसून बाहेर येईतो आईनं ते खोकं पाटावर ठेवलं होतं. हळद वाहिली होती. कुंकू वाहिलं होतं. वर एक झेंडू.

शस्त्रच ना आत, आई म्हणाली. मग बसू दे शस्त्रात.

आणि हेमांगी बसली खोक्यासमोर.

सात महिने. फाल्गुनात तिनं तो मागवला होता, दूरच्या एका गावातल्या, एकट्यानं भट्टी आणि कानस चालवणाऱ्या कारागिराकडून. घडीचा चाकू. अर्धा त्याच्या मनाचा, अर्धा गिऱ्हाइकाच्या. पोलाद तो ठरवणार, धार तो ठरवणार; पात्याचा आकार, मुठीचा रंग आणि पातं उघडायची कळ उजवीकडे की डावीकडे, हे तुम्ही ठरवायचं. रंग ठरवायला हेमांगीला अकरा दिवस लागले. जांभळा. पिकल्या जांभळाचा, जिभेवर उतरतो तसला, गहन, गर्द, सांजजांभळा. कळेला मात्र तिनं एक क्षणही घेतला नाही.

डावीकडे.

कारण हेमांगी डावखुरी होती. डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं लिहायची, आणि कड्यांवर अडकलेल्या लोकांना सोडवणाऱ्या पथकात डाव्या हातानं दोर सोडायची. गेल्या वर्षीच्या श्रावणात धबधब्याच्या तोंडाशी पथकाचा म्होरक्या सोपान मरळ अडकला. दोर कपारीत गुंतला. हेमांगी शेजारच्या दोरावर होती, आणि तिच्या हातातला चाकू उजव्या हाताच्या माणसांसाठी जन्मलेला होता. ओल्या हातमोज्यात तो उघडेना. अंगठ्यानं उघडेना, कोपरानं उघडेना. शेवटी दातानं उघडला. तोवर सोपानदादाच्या मस्तकावर चाळीस मिनिटं अखंड जलाभिषेक झाला होता. त्या चाकूला तिनं त्याच धबधब्यात जलसमाधी दिली.

सोपानदादा ओरडला नाही. टॉवेलानं कान कोरडे केले आणि सांगितलं, की दातानं चाकू उघडणाऱ्या पोरीच्या दोरीला आपण लटकणार नाही. तिनं चहा करावा. चहा उत्तम करते.

तेव्हापासून ती चहा करत होती. उत्तम.

उद्या, दसऱ्याच्या पहाटे, कड्यावर तोरण लागल्यावर, तिची परीक्षा होती. एका हातानं, ओल्या मोज्यात, लटकत. चाकू उघडला तर दोरीवर. नाही उघडला तर जन्मभर आलं किसायचं.

आणि चाकू समोर होता. वीतभर अंतरावर, एका झेंडूखाली. ती त्याच्याकडे बघत होती, जसं उपासाच्या दिवशी कुणी झाकलेल्या पातेल्याकडे बघतं. तपकिरी पुठ्ठ्याच्या त्या गर्भगृहात तो कसा पहुडला असेल? जांभळा, तीक्ष्ण, मौनव्रती. उघडताना वाजेल का? वाजला तर कसा? बोटाला लागेल का ती कळ, डावी, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूची?

उन्हं कलली. खोक्याची सावली लांबली. नेलकटरचीही लांबली.

*

साडेपाचला फोन वाजला. सोपानदादा होता.

तो आधी हवेबद्दल बोलला. मग चहा झाला का, विचारलं. मग म्हणाला, की तो जरासा लटकला आहे.

झालं होतं असं. तोरण उद्याच्या मुहूर्तावर नुसतं सोडायचं राहावं, म्हणून तो आजच एकटा सुईकड्यावर गेला होता. एकवीस हात झेंडूची माळ, टिकावी म्हणून नायलॉनच्या दोरीत ओवलेली. माथ्याखाली तीस हात उतरला, वारा आला, माळ फिरली, आणि दोरावरून उतरायच्या त्याच्या यंत्रानं ती माळ गिळली. दोन फुलं, वीतभर नायलॉन. यंत्राचा जबडा घट्ट मिटला. आता वर जाता येत नव्हतं, खाली येता येत नव्हतं. वर आकाश, खाली दोनशे हात पोकळी, आणि मध्ये एक अनुभवी माणूस, फुलांनी बांधलेला.

त्याचा चाकू? त्याच्या घरी. पाटावर. वहिनींनी हळदकुंकू वाहून बसवलेला. आयुष्यभर चाकूवाचून पाऊल न टाकलेला माणूस आज शस्त्रं बसवून कड्यावर गेला होता.

पथकातले पाच जण दोन तासांच्या वाटेवर होते. सगळ्यांना फोन करून झाले होते. हेमांगी सहावी. सोपानदादानं हेही प्रामाणिकपणे सांगितलं. पाय बधिर व्हायला लागलेत, असंही सांगितलं. पण ते शेवटी, आणि हळू.

हेमांगी जाणत होती. कमरपट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. मग पाय जातात, मग शुद्ध जाते, मग माणूस. दोन तास नव्हते. एकही बहुधा नव्हता.

तिनं दोर उचलला. मग पाटाकडे पाहिलं. विळी दोरावर नेता येत नाही. ताणलेल्या दोराशेजारी कोयता चालवणं म्हणजे दोर आणि माणूस दोन्ही तोडणं. कात्री उजव्या हाताची, दाढीचं पातं मोज्यात धरवत नाही. उरलं खोकं.

आई पाटासमोर उभी राहिली. तिचा चेहरा कोरा होता. "बसवलेलं शस्त्र उठवायचं नसतं, हेमा. तेही कड्यावर जाताना."

तात्या खुर्चीतून उठले. भरल्या गाडीत भांडणाचा निवाडा करावा तशा शांत, सरकारी आवाजात बोलले.

"पूजा झाली ती खोक्याची. आतल्या प्रवाशाचं तिकीट अजून फाडलेलं नाही."

आईनं तात्यांकडे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं. मग खोक्यावरचा झेंडू उचलून चिमट्यावर ठेवला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

*

ती धावली. सोनकीतून, कारवीतून, ओल्या-सुक्या कातळांवरून. धावता धावता दातांनी चिकटपट्टी फाडत होती. पहिला वेढा, तिसरा वेढा, सातवा. ओठांना हळद लागली, हनुवटीला कुंकू. अकरावा वेढा माथ्यावर सुटला.

आत कापूस. कापसात कागद. कागदात तो.

पोपटी.

जांभळा नव्हे. सांजजांभळा नव्हे, गहन नव्हे, गर्द नव्हे. पोपटी. राळेत दाबलेल्या कापडाची, कच्च्या कैरीसारखी, निर्लज्ज, प्रफुल्ल, पोपटी मूठ. सात महिने आणि अकरा दिवस तिच्या डोळ्यांपुढे सरकले. खाली एक माणूस लटकला होता, आणि हेमांगी खुटवड एक पूर्ण श्वासभर रंगासाठी हळहळली.

मग तिनं मूठ डाव्या हातात घेतली. हाताला ती परकी वाटली नाही. थंड, खरबरीत, भरीव. घट्ट धरताच तळव्याच्या खोबणीत तंतोतंत बसणारी. अंगठा आपोआप सरकला आणि थांबला.

कळ तिथंच होती. डावीकडे.

उघडून बघायला वेळ नव्हता. तिनं चाकू खिशाला अडकवला, मोजे पाण्याच्या बाटलीत बुचकळून चढवले. परीक्षा ती परीक्षा. कातळात ठोकलेल्या दोन कड्यांना दोर बांधला, गाठ तपासली, पुन्हा तपासली, आणि कड्यावरून पाठमोरी उतरली.

सूर्य क्षितिजाला टेकला होता. कडा तांबूस, दरी जांभळी. हवा होता तो रंग सगळा दरीतच सांडला होता. सोपानदादा दोराच्या टोकाला काळा, निश्चल, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत झेंडूत गुंतलेला. ओठ पांढरे. तिच्याकडे त्यानं पाहिलं, हळदीनं माखलेल्या तिच्या तोंडाकडे पाहिलं. खिशाकडे पाहिलं.

"पोपटी?"

"जांभळा मागवला होता, दादा."

तिच्या कमरेच्या दोराची कडी तिनं त्याच्यापुढे धरली. नायलॉन कापायचं तर पातं त्याच्या दोरापासून बोटभर अंतरावरून जाणार. त्याच्या भारानं तो दोर वीणेच्या तारेसारखा तटतटला होता. धार नुसती टेकली तरी तुटणार. म्हणून आधी त्यानं ही कडी स्वतःला अडकवायची. मग कापायचं. त्यावाचून दुसरी वाट नव्हती, आणि हे तिला सोपानदादानंच शिकवलं होतं.

त्यानं कडी घेतली नाही. कडीकडे पाहत राहिला, आणि त्याची बोटं स्वतःच्या दोराभोवती आवळत गेली, आवळत गेली.

"आधी उघडून दाखव," तो म्हणाला. "दात न लावता."

वारा पडला. दरी कान देऊन ऐकू लागली. हेमांगीनं डावा हात खिशाला नेला. ओला मोजा, खरबरीत मूठ, अंगठ्याखाली ती इवलीशी कळ. आयुष्यात पहिल्यांदा. ढकलली.

टक्.

एवढंच. एक शब्द, एकाक्षरी, स्वच्छ, पोलादी. संध्येच्या धूसर, धुरकट कुशीतून पातं उगवलं. करडं, निरलंकार, शेवटचा किरण धारेवर तोलून धरलेलं. ते हललं नाही. तिचा हातही हलला नाही.

सोपान मरळनं त्या पात्याकडे पाहिलं. खालच्या पोकळीकडे पाहिलं. मग फार सावकाश, बधिर बोटांनी तिच्या हातातली कडी घेतली, आपल्या पट्ट्यात अडकवली, आणि तिचं कुलूप स्वतः फिरवलं.

"काप," तो म्हणाला.

पातं बोटभर अंतरावरून गेलं. श्वास धरून गेलं. नायलॉनचा पहिला पीळ सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्यानं किंचित ओढून धरलं आणि सोडलं. यंत्राचा जबडा उघडला.

एकवीस हात झेंडू सुटले. सुटले, वळले, पसरले, वितळत्या उन्हातून पाकळी पाकळी पेटत खोल खोल उतरत गेले, आवाज न करता. आणि वर, दोन श्वासांच्या मध्ये, एका माणसाचा सगळा भार, सगळा राग, सगळं रक्त आणि सगळं वर्ष हेमांगीच्या दोरावर आलं; दोर ताणला, कण्हला, ताठला, आणि थांबला.