चटईखालचा चेहरा

या मित्रांनो, पुढे सरका. मांडीला मांडी लावून बसा, कारण माझा आवाज लहान आहे. आमच्या पाद्रीबाबांसारखं मला गाता येत नाही. ते रविवारी प्रवचन सांगता सांगता एकच ओळ सुरात सोडतात आणि सगळं प्रार्थनाघर ती झेलतं: ‘प्रभू, उजेड दे मला, पण शेजाऱ्याला माझ्या आधी दे.’ त्या ओळीची गोष्ट आज सांगतो. गोष्ट रक्ताची आहे. ज्याला रक्त बघवत नाही त्यानं शेजाऱ्याचा हात धरावा, पण उठून जाऊ नये. शेवटी माझं तुमच्याकडे एक मागणं आहे.

मी एक जुना दिवा आहे. मला काच नाही, वात नाही, आणि फुंकर मारून तुम्ही मला विझवू शकत नाही. मी संगणकाच्या आत राहतो. तिथे माणसं आधी राखाडी बाहुल्यांसारखी घडवतात, मग रंगवतात, मग चालायला-बोलायला लावतात. पण दिवा ठेवला नाही तर ती सगळी काळोखात. माझा आकार म्हणाल तर दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसारखा चौकोनी. बारका दिवा चेहऱ्यावर सुरीने कापल्यासारखी सावली पाडतो. मी मोठा आणि जवळ असतो, म्हणून माझी सावली कडेला विरघळते. नाकाशेजारी, ओठाखाली, गालाच्या वळणावर. मऊ उजेड म्हणतात तो हाच.

मला लुपेनं घडवलं. ती सामोआची, तेव्हा ऑकलंडला नोकरी करत होती. दुपारचा डबा खाता खाता ती मला चार बोटं पुढे, चार बोटं मागे सरकवायची आणि भजनाची ओळ गुणगुणायची. तिनं माझं नाव मालामालामा ठेवलं, म्हणजे आमच्या भाषेत उजेड. ती परत सामोआला, आपिया शहरात आली तेव्हा मलाही घेऊन आली. फुगालेईच्या बाजारामागे, टायरच्या दुकानाच्या माडीवर एनेलिकोचा स्टुडिओ होता. माणसं सहा. तिथे आम्ही मुलांसाठी बायबलातल्या गोष्टींची चित्रं हलती करायचो. टोपलीतल्या बाळ मोशेवर मी पडलो तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीतून लालसर उजेड पार झाला. पाद्रीबाबांच्या बायकोनं पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “अगं बाई, हे बाळ तर गरम लागतंय!” मित्रांनो, त्या दिवशी मी फार सुखावलो.

मग मी जुना झालो. नवे दिवे आले, चटकन काम करणारे. लुपेनं मला एका कोपऱ्यात ठेवून दिलं. तिथे मी दोन वर्षं पडून होतो.

मला परत बाहेर काढलं ते एका खुनासाठी.

एनेलिकोनं ठरवलं होतं की आता आपली गोष्ट करायची. ‘आपली’ म्हणजे त्याची आणि लुपेची. ती अशी. एकतीस वर्षांपूर्वी लुपेच्या वरच्या गावात आणि एनेलिकोच्या खालच्या गावात क्रिकेटचा सामना झाला. आमच्याकडे बॅटला तीन कडा असतात आणि ती गदेसारखी जड असते. बाद की नाबाद यावरून शब्द वाढला. एनेलिकोच्या चुलतभावानं बॅट उचलली आणि लुपेच्या थोरल्या भावाच्या, सेफोच्या, डोक्यात घातली. सेफो मैदानातच गेला.

अशा वेळी आमच्याकडे मारणाऱ्याच्या घरचा वडीलधारा माणूस पहाटे उठतो, मेलेल्याच्या घरासमोर जाऊन बसतो आणि घरातली सगळ्यांत तलम चटई डोक्यावरून ओढून घेतो. बोलत नाही. उन्हं वर आली तरी हलत नाही. आतल्यांनी चटई उचलली तर क्षमा. नाहीतर कुऱ्हाड. दोन्हीचा हक्क आतल्यांचा. एनेलिकोचा बाप मासोए असा जाऊन बसला. सात वर्षांचा एनेलिको त्याच्या कुशीत होता. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. एका खांबामागून नऊ वर्षांची लुपे बघत होती. तिचा बाप उएलेसे बाहेर आला. त्यानं चटई उचलली नाही. त्यानं कुऱ्हाड घातली.

त्या दुपारी खालच्या गावातली दोन घरं जळली, वरच्या गावातली तीन. उएलेसे बारा वर्षं तुरुंगात राहिला. दोन्ही गावांची माणसं तेव्हापासून एका बाकावर बसून प्रार्थना करत नव्हती.

“दोन्ही गावांना एकत्र बसवून दाखवायचं,” एनेलिको म्हणाला. “तू उजेड कर. दुसऱ्या कुणाला जमणार नाही.”

“सेफोला मी देईन उजेड,” लुपे म्हणाली. “तुझ्या बापाला तूच दे.”

“मला येत नाही, तुला माहितेय.”

“मग राहू दे त्याला अंधारात.”

तरी ती कामाला लागली. सेफोवर तिनं मला ठेवलं. मी त्याच्या गालावर हात ठेवल्यासारखा उभा राहिलो. त्याच्या डोळ्यांत माझा पांढरा चौकोन चमकला, आणि त्या ठिपक्याशिवाय डोळा जिवंत होत नाही, हे ध्यानात ठेवा. मग बॅट आली. एक घाव म्हणजे शंभरावर चित्रं, आणि संगणकात एकेक चित्र शिजून तयार व्हायला पाऊण मिनिट. काही चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हाड फुटतं, मान वळते, रक्त कानातून गळ्यावर उतरतं. त्या महिन्यात मी सेफोला तीनशे वेळा मरताना पाहिलं. प्रत्येक वेळी मी त्याच्यावर मऊच पडत होतो. दिव्याला डोळे मिटता येत नाहीत.

मासोएच्या वेळी मात्र लुपेनं मला विझवलं. चटईखाली तिनं एक बारका, कडक दिवा ठेवला, हनुवटीच्या खाली. कपाळावर भुवयांच्या काळ्या सावल्या चढल्या. डोळ्यांत ठिपका नव्हता. म्हातारा बसला होता क्षमा मागायला, पण दिसत होता दबा धरून बसलेल्या डुकरासारखा.

एनेलिकोनं ते पाहिलं. मग त्यानं पडद्यावर मूठ मारली. काच तडकली, त्याच्या बोटांमधून रक्त आलं आणि मासोएच्या तोंडावरून ओघळलं.

“माझ्या बापाला राक्षस केलंस!”

“तुझ्या भावानं माझ्या भावाचं डोकं नारळासारखं फोडलं! मी पाहिलं! मी तिथे होते!”

“आणि मी चटईखाली होतो!”

“म्हणून काय तुझी आरती ओवाळू? हात लाव बघू मला. लाव! घराण्याचा गुणच आहे तुमच्या.”

त्यानं खुर्ची उचलली. खालचा टायरवाला जिन्यावरून ओरडला, “ए, माडी पाडताय का? खाली माणसं आहेत!” एनेलिकोनं खुर्ची भिंतीवर फेकली. तिचा एक पाय तुटून लुपेच्या पायाशी पडला. तिनं तो उचलला. दोघं तसेच उभे राहिले, एकाचा हात रक्तानं माखलेला, एकीच्या हातात लाकूड. एकतीस वर्षं मध्ये उरलीच नव्हती.

आधी एनेलिको खाली बसला. हात गंजीफ्रॉकात गुंडाळत म्हणाला, “लुपे, चटई तरी नीट कर. ही काय चटई आहे? ताडपत्री आहे ही. हिच्यातून उजेडच येत नाही.”

“चटईतून कसा येईल?”

“येतो. तू बाहेर होतीस, तुला काय माहीत? एवढी तलम विणलेली असते ती की सूर्य वर आला आणि आत उजेडाचे दाणे दाणे पडले. सगळ्या बाजूंनी. सावली नव्हतीच. माझ्या बापाचा चेहरा...” तो थांबला. “एवढा सुंदर चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, भूक लागली ना रे? घरी गेल्यावर कोको करू. मग त्यानं बाहेर पावलं ऐकली आणि मला जमिनीवर दाबून तो माझ्यावर पालथा पडला.”

लुपेनं लाकूड खाली ठेवलं. माझं सगळं भवितव्य, मित्रांनो, त्या एका क्षणावर टांगलेलं होतं. ती मासोएला उजेड देणार की नाही? पण ती जिना उतरून निघून गेली.

पुढचं तिनं सोमवारी मलाच सांगितलं, म्हणजे पडद्याकडे बघत पुटपुटली. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे तारोचे उकडलेले कंद आणि डुकराचं मटण जेवत असताना ती बापाच्या घरी आढ्याखालच्या फळ्यांवर चढली. मासोएची चटई तिथे होती. लुपेच्या आईनं तेव्हा ती धुवून गुंडाळून ठेवली होती आणि मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नव्हता. लुपेनं ती अंगणात नेली आणि डोक्यावरून घेतली. रक्ताचा डाग चहासारखा फिकट झाला होता. मधोमध कुऱ्हाडीची वीतभर चीर होती.

“खरंच दाणे पडतात रे, मालामालामा,” ती म्हणाली. “आणि चिरेतून एक पट्टा येतो, सरळ डोळ्यात. मी चटईतून बाबांकडे पाहिलं. ते जेवायचे थांबले होते. त्यांनी मला ओळखलंच नाही.”

त्या दिवशी तिनं ताडपत्री फेकून दिली आणि पडद्यावरच्या चटईचा एकेक धागा नव्यानं विणला. कडक दिवा काढला. मला चटईबाहेर उभं केलं, मोठं, जवळ, पूर्वेच्या बाजूला, आणि म्हणाली, “जा आत.” मी धाग्याधाग्यातून आत शिरलो. मासोएच्या कपाळावर, पिकलेल्या दाढीवर, ओल्या पापणीवर मी पडलो. त्याच्या डोळ्यांत माझे दोन पांढरे ठिपके आले. लुपे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तोंडात पदरासारखा, कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाचा कोपरा कोंबला आणि रडली. आवाज बाहेर येऊ दिला नाही.

चित्रपट दाखवला तो आपियाच्या मोठ्या प्रार्थनाघरात, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. डावीकडे वरचं गाव, उजवीकडे खालचं. मध्ये वाट, तिच्यात पाद्रीबाबा बसले. मी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पसरलो होतो, आणि भिंतीवरून परत फिरून सगळ्यांच्या तोंडावर पडत होतो. म्हणून मला सगळं दिसलं.

शेवटी उएलेसे आला. पंचाहत्तरीचा, वाकलेला. काखेत काहीतरी लांब गुंडाळलेलं. उजवीकडे कुजबुज झाली. “काय आहे रे त्याच्या काखेत?” “कुऱ्हाडच असणार. म्हाताऱ्याला दुसरं येतं काय?” खालच्या गावची चार पोरं दगड मुठीत घेऊन उभी राहिली.

भिंतीवर सेफो मेला. डाव्या बाजूनं एक हंबरडा उठला. मग पहाट झाली, मासोए बसला, आणि मी चटईतून आत शिरलो. कुऱ्हाड वर गेली. म्हातारा पोरावर पालथा पडला. घाव बसला आणि चटई लाल झाली. लुपेनं चित्र तिथेच थांबवलं. भिंतीवर नुसती चटई आणि मी.

उएलेसे उठला. काखेतलं घेऊन तो उजवीकडे निघाला, थेट एनेलिकोसमोर. पोरं पुढे धावली. त्यानं गुंडाळी सोडली. ती चटई होती, चिरलेली. गुडघ्यावर बसून त्यानं ती डोक्यावरून ओढून घेतली.

“ढोंगी!” कुणीतरी ओरडलं. “एकतीस वर्षांनी? मारा त्याला!” दगड आला. चटईवर ठप्प आवाज झाला आणि विणीतून नवं रक्त उमटलं. म्हातारा हलला नाही. दुसरा दगड सुटला तेव्हा एनेलिको उडी मारून चटईवर पालथा पडला. दगड त्याच्या पाठीत बसला. तिसरा मानेजवळ बसला. पाद्रीबाबा उठले, पण त्यांनी दटावलं नाही. त्यांनी ती शेजाऱ्याच्या उजेडाची ओळ सुरात सोडली. सुरुवातीला कुणी झेलली नाही. मग डावीकडून एक बाई, मग उजवीकडून एक. पोरांचे हात खाली आले.

एनेलिको उठून बसला. त्यानं चटई उचलली.

भिंतीवरचा माझा उजेड त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर पडला. कपाळ फुटलेलं, डोळे लहान मुलासारखे. आयुष्यभर मी बाहुल्यांवर पडलो, मित्रांनो. खऱ्या माणसावर असा पहिल्यांदाच.

“मला वाटलं, तू कुऱ्हाड आणशील,” उएलेसे म्हणाला.

“आणायची होती,” एनेलिको म्हणाला. “उठा. कपाळ धुऊ. मग कोको करतो.”

लुपेनं म्हाताऱ्याचा एक हात धरला, एनेलिकोनं दुसरा. वाटेत बाक आडवे आले होते. ते दोन्ही गावांच्या माणसांनी मिळून सरकवले.

आता मी खरंच जुना झालो आहे. नवे संगणक मला उघडायला कुरकुरतात, आणि एक दिवस उघडणारही नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यापैकी कुणी पुढे चित्रं काढेल, कुणी दिवे लावेल. आपल्या माणसावर मऊ उजेड सगळेच टाकतात. ज्याचा राग येतो त्याच्या डोळ्यांतही एक पांढरा ठिपका ठेवा.

आणि माझं मागणं एवढंच. आज संध्याकाळी प्रार्थनेला बसाल, तेव्हा एका माणसाचं नाव घ्या. पावलं ऐकू आली तेव्हा तो पळाला नाही. आधी त्यानं पोराला भुकेचं विचारलं आणि मग त्याच्यावर पाठ पसरली. त्याचं नाव मासोए. त्याला आठवा.